जाड अक्षरांचा अंक

शुक्रवारी दुपारी दाजी कोठडीतून सुटून आले. ताईने दार उघडलं, त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "चपला कुठायत?"

"तिथेच राहिल्या."

"म्हणजे परत जायचं ठरवूनच आलायत."

माझ्या थोरल्या बहिणीचं प्रेम हे असं असतं. तिने पाणी आणून दिलं. दाजी प्यायले, खोकले, परत प्यायले. मी समोर खिळ्यांची, म्हणजे शिशाच्या अक्षरांची, पेटी मांडून बसलो होतो, कारण आमचं घर म्हणजेच छापखाना. पुढच्या खोलीत यंत्र, मागच्या खोलीत चूल, आणि मधल्या दाराला शाईचे हात इतके लागलेले की मूळ रंग कोणता ते घरमालकालाही सांगता येणार नाही.

दाजी पूर्वी बाटल्यांच्या कारखान्यात कारकून होते. भट्टीपाशी कोणी भाजलं की त्याचा अहवाल लिहायचं काम त्यांचं. शेवटचं वाक्य वरून ठरवून दिलेलं : 'अपघात कामगाराच्या निष्काळजीपणामुळे झाला.' एकदा त्यांनी ते वाक्य गाळलं आणि त्या जागी भट्टीच्या तुटक्या झडपेबद्दल लिहिलं. संध्याकाळपर्यंत नोकरी गेली. दुसरा कोणी असता तर चार दिवस तोंड लपवून बसला असता. ह्यांनी भंगारात निघालेलं यंत्र आणलं आणि साप्ताहिक काढलं. बाटल्या फुंकणाऱ्यांचं पत्र, म्हणून नाव 'फुंकर'. मी तेव्हा गावभर उनाडक्या करत हिंडत होतो. ताईने मला धरून खिळे जुळवायला बसवलं. म्हणाली, हात गुंतले की तोंड बंद राहील. आता चाळिशी उलटली माझी, तोंड काही बंद झालेलं नाही.

पेपर चालला, मग दाजींनी संघटना काढली, मग मालकाची झोप उडाली. कामगार त्यांना संपादक म्हणायचे आणि वर डोळा मारायचे. संप काढतो तो संपादक, दुसरी व्याख्या आमच्या गल्लीला माहीतच नव्हती.

ह्या वेळचा संप पाण्यावरून होता. भट्टीसमोर उभं राहून काच फुंकणाऱ्याला अधूनमधून पाणी प्यायला जी सुट्टी मिळायची, ती व्यवस्थापकाने बंद केली. पाणी प्यायलं की घाम जास्त येतो आणि कामात लक्ष राहत नाही, असा त्याने शोध लावला होता. जेवणाच्या सुट्टीपर्यंत घोटभरही नाही. मग एक जण हातातल्या नळीसकट कोसळला, आणि बाकीच्यांनी नळ्या खाली ठेवल्या. दाजींनी त्यावर अग्रलेख लिहिला. अंक वाळायच्या आत पोलीस दारात.

"सोडलं कसं पण?" मी विचारलं.

"अटींवर." दाजींनी डोळे मिटले. "पेपर चालू ठेवायचा."

"अरे वा. ही अट?"

"ऐक तर. त्यात संप हा शब्द येता कामा नये. कामावर जाऊ नका, असं काही येता कामा नये. सरकारी कचेरीतला माणूस इथे बसून प्रूफ वाचणार, सही करणार, आणि सही झाल्यावर एक अक्षरही बदलायचं नाही. शिवाय मालकांनी दवाखान्याची कोनशिला बसवली, त्याची बातमी पहिल्या पानावर. माझ्या हातची."

"आणि नाही छापली तर?"

"तर वर्षभर आत. छापखान्याला कुलूप."

ताई मधल्या दारात उभी होती. मला वाटलं काहीतरी लागट बोलेल. ती फक्त म्हणाली, "तिथे ओल आहे ना भिंतींना?"

उत्तर दाजींच्या खोकल्याने दिलं.

"सोमवारी फाटक उघडतंय," ते म्हणाले. "आत जाईल त्याचं काम राहील, जाणार नाही त्याचं नाव कटलं. रविवारी आपला अंक हातात पडणार. पेपर बंद केला असता तर लोक म्हणाले असते, संपादकाला दाबलं. मालकाचे गोडवे छापून आले की म्हणतील, संपादक विकला गेला. मग कोण थांबणार सोमवारी? डोकं आहे त्या फौजदाराला. मानलं पाहिजे."

"मानू नंतर," ताई म्हणाली. "आधी जेवा. आणि ती बातमी लिहा. मला तुम्ही घरात हवे आहात."

दाजींनी बातमी लिहिली. शनिवारी सकाळी मी ती जुळवायला घेतली. आता, खिळे जुळवणाऱ्याचं डोकं आणि हात वेगवेगळे चालतात. डोकं म्हणत होतं, काय हा फुलोरा. 'समारंभ संपन्न झाला.' 'मालकांनी आपल्या संपत्तीचा सदुपयोग केला.' 'गोरगरिबांशी त्यांचा संपर्क.' 'संपूर्ण परिसरात आनंद.' दाजी असं कधीच लिहीत नाहीत. त्यांचं वाक्य म्हणजे खिळा ठोकल्यासारखं. आणि हात मात्र 'सं'च्या खणातून 'प'च्या खणात, 'प'मधून परत 'सं'मध्ये, न बघता जात होते. संपाच्या सगळ्या दिवसांत तीच वाट मळली होती ना. हात थांबला तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला.

"दाजी, संपन्न फार झालंय ह्यात."

ते खिडकीतून बाहेर बघत होते. "भाषा समृद्ध आहे."

"मग समृद्ध लिहू?"

"नको. संपन्नच राहू दे."

"आणि संपर्क? संबंध म्हटलं तर?"

"एक अक्षर इकडचं तिकडे करू नकोस." अजून खिडकीतच बघत होते, पण कान लाल झाले होते.

मी ओठ दाबून हसलो. दाजी कामगारांना कोडं घालत होते, पण इतकं भिडस्त कोडं की आयुष्यात कोणाला सुटलं नसतं. म्हटलं, प्रुफावर सही झाली की आपण जरा मदत करू. आमच्याकडे त्याच मापाचे जाड खिळे होते, मथळ्यांसाठी. प्रत्येक शब्दातला 'संप' जाड, पुढचं शेपूट बारीक. अक्षर तेच. बदललं काहीच नाही. फक्त अंगाने भरलं.

दाजींना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ताईला कळलं असतं, आणि मग मालक परवडला.

दुपारी कचेरीतला माणूस आला. आम्ही त्याला लालपेन्सिल म्हणायचो. नाकासमोर चालणारा, नाकासमोर वाचणारा. खुर्ची पुसून बसला आणि प्रूफवर बोट ठेवून एकेक अक्षर पुटपुटायला लागला. आधी त्याने एक जाहिरात कापली.

"ह्यात काय वाईट आहे साहेब?" मी विचारलं. "शिवणयंत्र विकायचंय बिचाऱ्याला."

"'ताबडतोब उठाव' लिहिलंय."

"माल उठतो साहेब, बाजारात. तो उठाव."

"कोणताच नको."

मालकाच्या बातमीवर मात्र त्याचा चेहरा फुलला. "छान लिहिलंय. असं लिहीत गेलात तर कशाला त्रास होईल तुम्हाला?" दाजींनी मान खाली घातली. लालपेन्सिलने प्रत्येक पानावर झोकदार सही केली आणि समोर चहाला गेला. छापून झालेला पहिला अंक प्रुफाशी ताडून पाहायचा आणि मगच जायचं, असा त्याला हुकूम होता.

मी हातात चिमटा घेतला. खिळे काढायचे, खिळे घालायचे, चौकट आवळायची. एरवी मी हे काम गुणगुणत करतो. त्या दिवशी कान जिन्याकडे लावून केलं. शेवटचा 'प' बसवला आणि जिन्यावर बूट वाजले.

यंत्र फिरलं, पहिला अंक निघाला. लालपेन्सिलने तो टेबलावर ठेवला, शेजारी प्रूफ, आणि दोन्ही हातांची दोन बोटं दोन कागदांवरून सरकायला लागली. मालकाच्या बातमीवर आली. थांबली.

"हे काय?"

"काय साहेब?"

"हे जाड का?"

दाजी उठून आले. अंकावर नजर टाकली आणि त्यांचा चेहरा शाई न लागलेल्या कागदासारखा झाला. मागे ताई भांडी घासत होती, तो आवाजही बंद पडला.

"खिळे संपले," मी म्हटलं. "मालकांची बातमी एवढी भरघोस, 'सं' आणि 'प' इतके लागले की पेटीचा तळ दिसला. मग जाड पेटीतले घातले. गरिबाचा छापखाना आहे साहेब, ठिगळ लावावं लागतं."

"प्रुफात तर नव्हते जाड."

"प्रुफातले उचलून मागच्या पानावर लावले. तिथे 'पंप दुरुस्ती'ची जाहिरात आहे, बघा हवं तर."

त्याने खरंच मागचं पान बघितलं. पंप होता. मग परत पुढचं. ओठ हलत होते, अक्षर न् अक्षर मिळत होतं. हा माणूस अक्षरं वाचायचा, शब्दाशी त्याला देणंघेणं नव्हतं. हे मला माहीत होतं, पण माहीत असणं वेगळं आणि समोर उभं राहणं वेगळं.

"बरं दिसत नाही," तो शेवटी म्हणाला. "मालकांच्या बातमीत ठिगळ."

"सगळं परत लावू का? संध्याकाळ होईल तुम्हाला."

त्याने घड्याळाकडे पाहिलं. "असू दे."

तो गेल्यावर दाजींनी अंक परत एकदा वाचला. मग माझ्या डोक्यात टपली मारली. ताईने हात पुसत विचारलं, "काय केलंस तू?" मी म्हटलं, काही नाही, ठिगळ लावलं. तिने अंक उचलला, वाचला, आणि माझ्याकडे असं पाहिलं की मी लगेच छपाईला लागलो.

रविवारी दुपारी कामगारांच्या चाळींमागच्या मैदानात नेहमीसारखं वाचन होतं. इथे मला एक सांगायला पाहिजे. 'फुंकर'चे वाचक पुष्कळ होते, पण वाचणारा एकच. त्याला सगळे नगारा म्हणायचे. आयुष्यभर बाटल्या फुंकलेला म्हातारा, छाती अजून पिंपाएवढी, चष्म्याची भिंगं बाटलीच्या बुडाएवढी. तो उलट्या खोक्यावर बसून पहिल्या पानापासून शेवटच्या जाहिरातीपर्यंत वाचायचा, आणि मैदानाच्या पार टोकाला काचा निवडणाऱ्या बायकांनाही शब्द न् शब्द कळायचा.

मी गर्दीत मजा बघायला उभा राहिलो. एका बाजूला मुकादम, त्याच्या शेजारी साध्या कपड्यातला हवालदार. कपडे साधे, बूट मात्र सरकारी. म्हटलं, बघा लेको, तुमच्या नाकाखाली वाजतंय आता.

नगाऱ्याने अंक उघडला, घसा खाकरला. "'दवाखान्याच्या कोनशिलेचा समारंभ अत्यंत उत्साहात संपन्न झाला.'"

अशी घरंगळत गेली ती ओळ. सरळ. गुळगुळीत. संपन्न झाला.

माझ्या पायाखालची जमीन सरकली. अरे, जाड अक्षर ऐकू कसं येणार? सगळा खटाटोप मी डोळ्यांसाठी केला होता, आणि आमचे लोक कानांनी वाचत होते. जन्म गेला छापखान्यात, आणि एवढं सुचलं नाही. खिळे जुळवणाऱ्याला जग छापलेलंच दिसतं, त्याला काय करणार.

नगारा वाचत होता. संपत्तीचा सदुपयोग. गोरगरिबांशी संपर्क. लोकांचे चेहरे आधी गोंधळले, मग पडले, मग कडू झाले.

"संपादकाने आता मालकाच्या घरीच राहायला जावं," गोटी म्हणाला. गोटी म्हणजे भट्टीवरचा सगळ्यात तयार फुंकणारा, पण अंगाने गोटीएवढा. त्याच्यामागे निम्मी भट्टी चालायची. "कोठडीत काय खायला घालतात रे? एवढा गोड होऊन आला माणूस."

"घाबरला असेल," कोणीतरी म्हणालं.

"घाबरला तर गप्प बसावं. हे कशाला?"

"मी तर जाणार बाबा उद्या. तोच विकला गेला तर मी कोणासाठी उपाशी राहू?"

पाच-सहा जण उठलेही. मुकादम मिशीत हसला. मला घरी बसलेले दाजी दिसले. त्यांना बाहेर पडायची मनाई नव्हती, पण तो अंक वाचला जात असताना इथे येऊन उभं राहायची हिंमत झाली नव्हती. उद्या हे सगळे फाटकातून आत जाणार, आणि मेला तरी हा माणूस विकलेला म्हणून मरणार.

मी पुढे घुसलो. "काका, जरा पाणी घ्या," म्हणत नगाऱ्याच्या खोक्यापाशी पोचलो आणि कागदावर बोट ठेवणार, तेवढ्यात मुकादमाने माझी कॉलर धरली.

"काय दाखवतोयस?"

"पाणी देतोय."

"भांडं कुठंय?"

हा प्रश्न बरोबर होता. मी सुटायला बघितलं, त्याने मागे खेचलं, त्याचं कोपर नगाऱ्याच्या तोंडाला लागलं आणि चष्मा उडाला. मुकादम तोल सावरायला एक पाऊल मागे सरला. कचकन आवाज आला. बाटल्यांच्या कारखान्यातल्या माणसांना काच फुटल्याचा आवाज लगेच ओळखू येतो. सगळं मैदान वळून बघायला लागलं.

"झालं वाचून," मुकादम म्हणाला. "घरी जा आता."

"नाही झालं." हा आवाज काचकाकूंचा. काचा निवडणाऱ्या बायकांची पुढारी, हातांवर इतके वण की मुठी मिटायच्या नाहीत. "नगारदादा, परत वाचा ते. त्याने असं लिहिलंय ह्यावर माझा विश्वास नाही."

"चष्मा फुटला माझा, बाई."

"दिसेल तेवढं वाचा."

नगाऱ्याने अंक उचलला. डोळे बारीक केले. लांब धरला, आणखी लांब, अगदी हात ताणून. बारीक अक्षरं त्याच्यासाठी धुकं झाली असणार. त्या धुक्यात जे उभं दिसलं, ते त्याने नेहमीच्या आवाजात वाचलं.

"'संप.'"

मुकादमाची मान गर्रकन वळली. हवालदाराचा हात खिशातल्या वहीकडे गेला. अंकातून तो शब्द वाचला गेला होता, साक्षीदार शेकड्याने, आणि माझे दाजी वर्षभरासाठी ओलीच्या भिंतींत जाऊन बसल्यातच जमा होते.

नगाऱ्याच्या कपाळावर घाम आला. म्हाताऱ्याने काय वाचलं ते त्यालाही आत्ताच कळलं होतं.

"सं... संप... संप... संपन्न," तो म्हणाला. "संपन्न झाला."

कोणीतरी खुदकन हसलं. "काकांची गाडी रुतली."

नगाऱ्याने परत कागद धरला. एकदा वाचून बातमी त्याला पाठ झाली होती म्हणा. "आपल्या संप... संप... संप... संपत्तीचा सदुपयोग." थोडं थांबला. "गोरगरिबांशी त्यांचा संप... संप..."

आता कोणी हसत नव्हतं. ज्या माणसाची जीभ सत्तर वर्षांत एकदाही अडखळली नाही, ती अडखळत होती, आणि नेमकी एकाच ठिकाणी. उठलेले खाली बसले. काचकाकूंचे ओठ हलताना मला दिसले. गोटीने टोपी काढली, डोकं खाजवलं, परत घातली.

मुकादमाने अंक हिसकावला.

चौकीत फौजदाराने आम्हा तिघांना बाकावर बसवलं. मला, नगाऱ्याला, आणि घरून आणलेल्या दाजींना. लालपेन्सिल कोपऱ्यात उभा होता, रुमाल पिळत. फौजदार हसरा माणूस होता. मला हसऱ्या पोलिसांची जास्त भीती वाटते.

"ह्यात एक तरी अक्षर प्रुफाबाहेरचं आहे?" त्याने लालपेन्सिलला विचारलं.

"नाही साहेब. मी स्वतः ताडून पाहिलंय. माझी सही आहे." त्या सहीवर त्याची नोकरी होती, तेव्हा तो सकाळपर्यंतही तेच सांगत राहिला असता.

"मग प्रश्न एकच. म्हातारा खरंच अडखळतो की नाटक करतो? नाटक असेल तर कट झाला. कट झाला तर संपादक आत." तो नगाऱ्याकडे वळला. "काय काका, कधीपासून अडखळता?"

"ल... ल... लहानपणापासून."

"मुकादम तर म्हणतो, तुम्ही पेपर वाचायला लागलात की घड्याळासारखे चालता, कुठे अडत नाही."

"च... चष्मा असला की न... नाही अडखळत."

दाजींनी डोळे मिटले. मी दात दाबून धरले. कारण ते उत्तर इतकं बेरकी होतं की हसलो असतो तर तिघंही गेलो असतो.

फौजदाराने चहा मागवला. गप्पा सुरू केल्या. बाटली कशी फुंकतात, नळी केवढी असते, काचेचा रंग कधी बदलतो. नगारा उत्तरं देत होता, हप्त्याहप्त्याने, आणि मी प्रत्येक शब्दाला बाकाची कड धरत होतो. आपल्या कामाबद्दल बोलताना माणूस नाटक विसरतो. फौजदाराला ते पक्कं ठाऊक होतं.

"पण काय हो," तो सहज म्हणाला, "त्यात कसब कसलं? फुगा तर शेंबडं पोरही फुगवतं. उगाच तुम्ही लोकांनी त्याचं स्तोम केलंय."

नगाऱ्याची मान लाल झाली. हा म्हातारा चिडला की काय होतं ते मी पाहिलं होतं. एकदा त्याने व्यवस्थापकाला असं फैलावर घेतलं होतं की श्वासही न घेता बोलत गेला आणि व्यवस्थापक जिना उतरून पळाला. आता तो लोंढा आला की दाजी गेले. फौजदार कप खाली ठेवून पुढे वाकला. वाट बघायला लागला.

नगाऱ्याने तोंड उघडलं. "फु..." म्हणाला. "फु... फु..."

पुढे काहीच येईना. गळ्याच्या शिरा टरारल्या, डोळ्यांत पाणी आलं, हात नळी धरल्यासारखे वर उचललेले, आणि शब्द नाही. "फु..." लालपेन्सिलने तोंड फिरवलं. शेवटी फौजदारच म्हणाला, "पुरे, पुरे. पाणी द्या ह्यांना कोणीतरी."

सोडताना त्याने दाजींना एक नवीन अट घातली. "तुमच्याभोवती चारपेक्षा जास्त माणसं दिसली, तर तो जमाव. मग ते बोलले काय, न बोलले काय, मी तुम्हाला उचलणार."

बाहेर आल्यावर मी नगाऱ्याच्या पाठीवर थाप मारली. "काका, काय नाटक केलंत."

"नाटक कसलं रे," तो म्हणाला. आवाज बसला होता. "एवढा राग आला, शब्दच सापडेना."

पण लोकांना कळलं की नाही, ते आम्हाला माहीत नव्हतं. चौकीतून घरी जाताना गल्ल्या रिकाम्या, दारं बंद. कोणाला विचारायची सोय नव्हती.

सोमवारी सकाळी आम्ही फाटकासमोरच्या रस्त्यापलीकडे, सुताराच्या बंद दुकानापाशी उभे राहिलो. दाजी, ताई, मी, नगारा. हवालदार थोड्या अंतरावर, आज पूर्ण गणवेशात. फाटकाबाहेर सगळे जमले होते, आणि कोणी कोणाकडे बघत नव्हतं. भोंगा झाला. मुकादमाने फाटकाची दिंडी, ते छोटं दार, उघडली आणि बाजूला उभा राहिला.

सुरुवातीला काही जण आत गेले. खाली मान घालून, भरभर. खोटं कशाला सांगू. दाजी प्रत्येकाला नावाने ओळखत होते; मी त्यांच्याकडे बघायचं टाळलं. ताईने त्यांचा दंड धरला होता.

मग गोटी पुढे निघाला. तो गेला की त्याच्यामागे निम्मी भट्टी जाणार. मुकादमाने त्याच्यासाठी दिंडी आणखी उघडली, अगदी पाहुण्यासारखी. गोटी उंबऱ्यापाशी थांबला.

"मुकादम, आत पाणी मिळेल का?"

"मिळेल की. जेवणाच्या सुट्टीत."

"आत्ता?"

"आत्ता कशाला? भट्टीपाशी पोचायच्या आत तहान लागली?"

"नाही. लागली तर म्हणून विचारलं." गोटी वळला, सावकाश परत आला आणि आपल्या जागी उभा राहिला. मग त्याच्यामागचा पुढे गेला. त्यानेही तेच विचारलं. मग काचकाकू. मग रांगच लागली. माणूस जायचा, पाणी विचारायचा, परत यायचा. मुकादम आधी उत्तर देत होता, मग नुसती मान हलवत होता, मग त्याने दिंडी लावून घेतली.

कोणी घोषणा दिली नाही. नुसता एक मोठा श्वास सुटल्यासारखा आवाज झाला. मग कोणीतरी रस्त्यापलीकडे पाहिलं आणि म्हणालं, "संपादक."

सगळी गर्दी वळली.

काचकाकू सगळ्यांत आधी पोचल्या. त्यांनी दाजींचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. ताई, मी, नगारा, काचकाकू. चार. त्यांच्यामागे गोटी हात पसरून येत होता, आणि त्याच्यामागे अख्खा कारखाना.

"थांब," मी ओरडलो, "पाचवा आहेस तू."

"काय पाचवा?"

हवालदाराने वही काढली होती आणि बोटाने मोजायला लागला होता. समजावून सांगायला वेळ नव्हता. ताईने दाजींना ओढलं. "पळा," ती म्हणाली.

"अगं, माझी माणसं आहेत ती."

"म्हणूनच. पळा."

मालक असो, फौजदार असो, दाजींनी कोणाला पाठ दाखवलेली मी पाहिली नव्हती. त्या दिवशी ते आपल्याच लोकांपासून पळाले. सुताराच्या दुकानामागून, वखारीच्या बोळातून, वाळत घातलेल्या चादरींखालून. मागून हाका येत होत्या, संपादक, अहो संपादक, थांबा की, आणि जितक्या हाका येत तितके आम्ही जोरात. नगारा केव्हाच मागे पडला होता आणि गर्दीसमोर आडवा उभा राहून, एकही शब्द न अडखळता, सगळ्यांना अट समजावत होता. त्याचा आवाज पार बोळाच्या टोकापर्यंत येत होता.

वखारीच्या वळणावर दाजी भिंतीला टेकले. खोकत होते, आणि खोकता खोकता हसत होते, त्यामुळे दोन्ही नीट जमत नव्हतं.

"किती आहेत मागे?" त्यांनी विचारलं.

ताईने वळणावरून डोकावून पाहिलं.

"सगळे," ती म्हणाली. "चला, अजून एक गल्ली."